छातीत जळजळ: दर वेळी दोष मिरचीलाच का?

शेवंती

नमस्कार मंडळी. विषय घरोघरचा आहे, पण आमची तीन वर्षं झोप उडवली होती ह्या जळजळीने, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचेही अनुभव हवेत.

माझ्या नवऱ्याला (वय ४६) छातीत जळजळ व्हायची. जेवून झोपला की तासा-दीड तासाने उठून बसायचा, छातीच्या मधल्या हाडामागे आग, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर, मग अंधारातच स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधलं गार दूध प्यायचा. फ्रीजच्या दाराचा आवाज आला की मला कळायचं, आज पण झालं. सासूबाई म्हणायच्या लहानपणापासून त्याची पित्ताचीच प्रकृती. मग आम्ही काय केलं तर सगळ्यात आधी मिरची बंद. ठेचा बंद, लोणचं बंद, वांगं बंद, तूरडाळीच्या जागी मूगडाळ, आंबवलेलं नको म्हणून इडली-डोसे पण बंद. वर्षभर अख्ख्या घराने फिकं खाल्लं. फरक थोडासा पडला, पण फ्रीजचं दार काही थांबलं नाही.

मग मी एक केलं. भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्यातल्या त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायला लागले, रात्री किती वाजता जेवला, किती वाजता आडवा झाला, आणि जळजळ झाली तर एक फुली. असं चार महिने. आणि एका रविवारी चारही पानं समोर ठेवून बसले तर मिसळ खाल्लेल्या एकाही दिवशी फुली नव्हती! कारण मिसळ सकाळी नऊला झालेली, त्यानंतर माणूस दिवसभर उभा नाहीतर चालता. फुल्या होत्या त्या बहुतेक ऑफिसात उशीर होऊन डोंबिवलीला उतरायलाच दहा वाजले, साडेदहाला ताट, सव्वाअकराला अंथरूण, अशा दिवशीच्या. त्या रात्री ताटात काय होतं तर दोडक्याची भाजी आणि पोळी.

आणि दुसरं म्हणजे संकष्टी. चारही संकष्ट्यांना फुली. आता बघा ना त्या दिवशी होतं काय, दिवसभर पाच-सहा वेळा चहा तोही रिकाम्या पोटी, दुपारी साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट सढळ हाताने, सोबत बटाट्याचा तळलेला चिवडा. मग चंद्रोदय कधी पावणेनऊ तर कधी पावणेदहा, आरती, नैवेद्य, मोदकावर तूप, वरणभात, आणि दिवसभराची भूक म्हणून नेहमीच्या दीडपट जेवण. सकाळी लवकरची लोकल म्हणून ताटावरून उठला की थेट गादीवर. उपास मी सोडायला सांगत नाहीये हां, श्रद्धा आहे आमची. पण तीन वर्षं मिरचीवर आळ घेतला आणि घड्याळाकडे बघितलंच नाही ह्याचं फार वाईट वाटलं.

तुमच्याकडे नक्की कशाने होतं? कोणी असं लिहून ठेवलंय का?

गवतीचहा

अगदी आमच्या घरातलंच लिहिलंयस असं वाटलं. आमच्याकडे रात्रीचं जेवण कायम दहानंतर, मुलांचे क्लास, माझी शिफ्ट. मला तर वाटायचं लवकर जेवा हे सांगणारे लोक नोकरी करत नसावेत. आज रात्रीपासून लिहायला घेते.

स्टेथो

शेवंतीताई, तुम्ही पेन्सिलीने केलंत ते काम मी दवाखान्यात पेशंटला सांगून थकतो. फॅमिली डॉक्टर आहे, सातारा भागात, २२ वर्षं झाली. ह्या विषयावर जरा मोठं लिहितो, वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे जळजळ झाली की लोक म्हणतात 'ॲसिड वाढलंय'. बहुतेक वेळा ते वाढलेलं नसतं, ते चुकीच्या जागी आलेलं असतं. जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्याचा पीएच साधारण दीड ते साडेतीन, म्हणजे चांगलंच कडक, आणि ते तसंच असायला हवं, अन्न पचवायला आणि जंतू मारायला. जठराला आतून चिकट स्रावाचा थर असतो म्हणून त्याला काही होत नाही. पण घशापासून जठरापर्यंत येणारी अन्ननलिका, जी मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटर असते, तिला तसा थर नाही. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं, आपण त्याला झडप म्हणू. घास खाली जाताना उघडायचं आणि मग मिटायचं, एवढंच त्याचं काम. ते नको तेव्हा सैल पडलं की आम्ल वर येतं आणि आग होते. हृदयाचा ह्यात काही संबंध नाही, पण जागा तीच म्हणून माणूस घाबरतो.

मग झडप सैल का पडते तर कारणं बरीच आहेत. पोट गच्च भरलं की ते फुगतं आणि झडप ताणली जाते, त्यामुळे काय खाल्लं ह्याच्याइतकंच किती खाल्लं हेही महत्त्वाचं. तळलेलं, तुपातलं, साय-चीजवालं पोटात जास्त वेळ राहतं. चॉकलेट, दारू, तंबाखू ह्यांनी झडप सैल होते, काहींना कॉफीने होतं. आणि पेपरमिंटनेसुद्धा होतं, लोक जळजळ होते म्हणून पेपरमिंटची गोळी चघळतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. पोटाचा घेर वाढला की आतून दाब येतो, पँटचा पट्टा नाहीतर परकराची नाडी करकचून बांधली की बाहेरून येतो. जेवल्या जेवल्या खाली वाकून लादी पुसणं, जड उचलणं हेही तसंच. काही जणांत जठराचा वरचा भाग छाती आणि पोट ह्यांच्यामधल्या पडद्याच्या भोकातून छातीकडे सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात, तेव्हा झडपेला खालून आधारच राहत नाही.

आणि उभं असताना जे आम्ल थोडंफार वर येतं ते वजनानेच परत खाली जातं, लाळ गिळतो त्यानेही धुतलं जातं. झोपेत लाळ कमी, गिळणं कमी, नळी आडवी. म्हणून रात्रीची जळजळ जास्त त्रास देते. जेवण आणि झोप ह्यात तीन तास ठेवा असं आम्ही सांगतो ते ह्यासाठीच.

मिरचीने काहींना होतं, नाही असं नाही. पण सगळ्यांना एकच यादी देऊन अर्धं जेवण बंद करणं मला पटत नाही. ज्याची त्याची फुली वेगळी असते.

निळीछत्री

मला एक वेगळंच खटकतं, आपल्या मराठीत 'पित्त' हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतो आपण! छातीत जळलं तरी पित्त, अर्धं डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्त, अंगावर लाल गांध्या उठल्या तरी पित्त उठलं. माझं डोकं दुखायचं तेव्हा मी दहा वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, शेवटी कळलं की ती मायग्रेन होती, उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून सगळे म्हणायचे पित्त पडलं. बहिणीच्या अंगावर गांध्या यायच्या तिलाही आई कोकमाचं पाणी लावायची आणि प्यायलाही द्यायची. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना नुसतं 'पित्ताचा त्रास' सांगू नका, कुठे जळतं, कधी जळतं, ते सांगा.

स्टेथो

निळीछत्री, १०० टक्के. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं ते हिरवट पिवळं पित्त अजून वेगळंच. 'पित्त झालंय' म्हणून आलेल्या पेशंटला माझा पहिला प्रश्न असतो, बोट ठेवून दाखवा.

रस्सामंडळ

कोल्हापूर. आमच्या आप्पांना होतं हे. रोज ठरलेलं, रात्री जेवण झालं की ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळायची, चुना लावून चिमूट दाढेत, आणि तसंच अंग टाकायचं. आम्ही सगळी रश्श्याला नावं ठेवायचो, आई तर तांबडा करायचीच बंद झाली होती. गेल्या दिवाळीत दाताच्या दुखण्यासाठी डॉक्टरनी तंबाखू सोडायला लावली, दात राहिले बाजूला, दोन महिन्यात जळजळच कमी आली. आता महिन्यातनं दोनदा तांबडा रस्सा होतोय घरात, दुपारचा. आप्पा वाटी तोंडाला लावून पितात तेव्हा आई नुसती बघत बसते.

आमच्या गावाकडं बायका मशेरी लावतात ती पण तंबाखूच, ते कुणी मोजत नाही. काकू म्हणते मी कुठं तंबाखू खाते, दात घासते फक्त. दिवसातनं चार वेळा घासते.

आमसूल

फोंड्याहून लिहितेय. जेवणावर सोलकढी घेतली की जळजळ होत नाही असं आमच्याकडे सगळेच मानतात, पण मला सोलकढीनेच त्रास होतो. घरात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टर, हे शक्य आहे का?

स्टेथो

शक्य आहे. कोकम मुळात आंबट आहे आणि नारळाच्या रसात स्निग्धपणा आहे. ज्यांना सोसतं त्यांनी खुशाल घ्यावं. पण अन्ननलिका आधीच सोलवटली असेल तर लिंबू, टोमॅटो, संत्र्याचा रस, कोकम सगळंच झोंबतं. गार दुधाचंही तसंच, पिताना थंड वाटतं, थोड्या वेळाने पोट परत आम्ल सोडतं. पाण्यात खायचा सोडा किंवा सोड्याची पावडर घालून पिणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात सोडियम भरपूर असतं, ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी रोज घेऊ नये.

पाऊलवाट

शेवंती, तुझी फुलीची पद्धत वाचून माझ्या आईचं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आई ७१ वर्षांची. तिला अचानक जळजळ सुरू झाली, आणि साधी नाही, घास गिळताना छातीत खुपायचं. ती म्हणायची सोमवारी जास्त होतं. आम्ही म्हणायचो रविवारचं मटण. मटण बंद केलं तरी सोमवारी होतंच. शेवटी मी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेले. रविवारी पहाटे साडेपाचला ती उठली, उशाच्या डब्यातून एक गोळी काढली, तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं आणि परत चादर ओढून झोपली. विचारलं कसली गं, तर म्हणे हाडाची, आठवड्याला एक.

ती हाडं ठिसूळ होतात त्यावरची गोळी, ॲलेंड्रोनेट. पाकिटातला कागद मी उलगडून खिडकीपाशी नेऊन वाचला, अक्षर बारीक होतं पण स्पष्ट लिहिलेलं, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. ती गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे अक्षरशः जखम करते. आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिच्या लक्षात राहिलं नसेल, मी कोणाला दोष देत नाही. डॉक्टरांनी ती गोळी काही दिवस थांबवली, घसा-नळी बरी होऊ दिली. आता दर रविवारी मी सहाला फोन करते, पूर्ण पेला पाणी पी म्हणते आणि अर्धा तास फोनवर गप्पा मारते, म्हणजे ती बसून राहते.

स्टेथो

पाऊलवाट, हे इथे लिहिलंत ह्याबद्दल मनापासून धन्यवाद. औषधांचा विचार लोक शेवटी करतात. गुडघेदुखीसाठी स्वतःहून खाल्लेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, ॲस्पिरिन, लोहाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल पाण्याशिवाय गिळून झोपणं, ह्या सगळ्यांनी अन्ननलिकेला किंवा पोटाला इजा होऊ शकते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिन, झडप थोडी सैल करतात. पण बीपीची गोळी हे वाचून स्वतः बंद करू नका!! डॉक्टरांना विचारा, पर्याय असतात.

मोगरा_७

सातवा महिना चालू आहे. पाणी प्यायलं तरी जळतं. सासूबाई म्हणतात बाळाला जावळ भरपूर असणार. रात्री बसूनच झोपते. काही धोका आहे का?

स्टेथो

गरोदरपणात हे फार जणींना होतं. प्रोजेस्टेरॉन हार्मोनने झडप सैलावते आणि वरून गर्भाशयाचा दाब. बाळंतपणानंतर बहुतेकींचं थांबतं. थोडं थोडं पाच-सहा वेळा खा, पाणी जेवताना ढसाढसा न पिता मधे मधे घ्या, डाव्या कुशीवर झोपा. गोळी मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि वरच्या बाजूला बरगडीखाली दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी, चेहरा सुजणं असं काही असेल तर ती जळजळ समजू नका, त्याच दिवशी दाखवा.

गवतीचहा

डाव्या कुशीवरून आठवलं, आजोबा दुपारी जेवून वामकुक्षी घ्यायचे. वाम म्हणजे डावी. लहानपणी मला वाटायचं वामकुक्षी म्हणजे नुसती डुलकी.

स्टेथो

जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्लाचा साठा झडपेच्या खाली राहतो, उजव्या कुशीवर तो झडपेपाशी येतो. आजोबा बरोबर करत होते. शतपावलीसुद्धा.

कंदील

मी बाजूने वाचत होतो, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे मोठे बंधू, ५२. रात्री अकराला म्हणाले छातीत जळजळतंय, लग्नात जेवून आले होते. वहिनींनी सोडा दिला. ढेकर आला, बरं वाटलं म्हणाले. बाराला घाम फुटला, बनियन पिळून काढावं इतका, डावा खांदा आणि जबडा जड झाला. तरी ते म्हणत होते ॲसिडिटीच आहे, सकाळी बघू. वहिनींनी ऐकलं नाही, मला फोन केला, मी १०८ ला. ईसीजीत हार्ट अटॅक. वाचले, दोन स्टेंट आहेत. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं.

ढेकर आला म्हणजे ॲसिडिटी, हे डोक्यातून काढून टाका. कृपा करून.

स्टेथो

कंदील, हा प्रतिसाद सगळ्यात वर असायला हवा. घाम, धाप, जबडा-हात-पाठीत दुखणं, चालल्यावर वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी जळजळ, पहिल्यांदाच होणारी जोराची जळजळ, ह्यात आधी ईसीजी. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांत लक्षणं नेहमीसारखी नसतात, नुसती मळमळ आणि थकवा असू शकतो. ईसीजी नॉर्मल आला तर कोणी हसणार नाही तुम्हाला.

पाटीपेन्सिल

मी चार वर्षं रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी घेतोय, मेडिकलमधून आणून. बंद केली की तिसऱ्या दिवशी दुप्पट जळतं म्हणून परत चालू. गेल्या महिन्यात पायाला मुंग्या म्हणून रक्त तपासलं तर बी-१२ खूप कमी. मी शाकाहारी आहे. गोळीमुळे असेल का?

स्टेथो

दोन्ही कारणं मिळून असू शकतं. ह्या गोळ्या आम्ल कमी करतात, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, शाकाहारी माणसात बी-१२ आधीच काठावर. एकदम बंद केली की पोट काही दिवस जास्त आम्ल सोडतं, म्हणून तुम्हाला दुप्पट वाटतं, आजार वाढला असं नाही. ती हळूहळू कमी करायची असते, देखरेखीखाली. गोळी वाईट नाही, गरज असेल तेव्हा फार उपयोगी आहे, आणि घ्यायची तर जेवणाआधी अर्धा ते एक तास. चहा-नाश्ता झाल्यावर घेऊन काम होत नाही म्हणणारे मला रोज भेटतात.

घरात ॲसिडिटीवरच्या रॅनिटिडिन गोळीची जुनी पाकिटं असतील तर ती परस्पर घेऊ नका. त्यात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून काढायला सांगितली, आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती वगळली.

आणि गिळताना अडकणं, वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्त कमी होणं, ह्यापैकी काहीही असेल तर घरगुती उपाय न करता दुर्बिणीची तपासणी.

शेवंती

इतके प्रतिसाद बघून भरून आलं. कंदील, तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आमचं पुढचं सांगते. फुल्यांची पानं घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी सांगितली, त्यात लहानसा हायटस हर्निया निघाला. सहा आठवडे गोळी दिली, पोटाचा घेर कमी करायला सांगितला. उशा वाढवून उपयोग नाही म्हणाले, त्याने पोट मुडपतं, पलंगच डोक्याकडून उचला. सुताराकडून सात इंचाचे दोन सागवानी ठोकळे करून घेतले, वर वाटीसारखा खळगा, म्हणजे पाय घसरत नाही. पहिल्या रात्री दोघंही घसरत पायथ्याशी आलो, आठवड्यात सवय झाली.

उशिराच्या दिवशी तो आता सातला ऑफिसातच डब्यातली पोळीभाजी खातो, जास्तीचा छोटा डबा देते मी सकाळीच. घरी आल्यावर फक्त वाटीभर मुगाचं कढण. ठेचा परत आलाय, दुपारच्या जेवणात.

राहिली संकष्टी. सासूबाईंशी बोलायला मला संकोच वाटत होता, पण त्यांनी स्वतःच हा धागा माझ्या मोबाईलवर वाचला, चष्मा लावून, सगळे प्रतिसाद. आणि म्हणाल्या, देवाला एकवीस दाखव, त्याला एकच दे, बाकीचे सकाळी खाईल. गेल्या महिन्यात तसंच केलं. दुपारी खिचडीऐवजी वरी-तांदूळ आणि ताक, चहा दोनदाच. चंद्र बघून एक मोदक आणि थोडा वरणभात, मग पाऊण तास दोघं सोसायटीच्या आवारात चाललो, साडेबारापर्यंत तो बसून मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत होता. त्या चौकोनात फुली नाही.

परवा परत संकष्टी आहे, चंद्रोदय साडेनऊच्या पुढे. झालं की लिहिते.